ऑक्टोबरचं पान

"खिळा इथे ठोकू, की जरा वर?" स्टुलावर उभ्या असलेल्या लेकीने विचारलं. तिच्या एका हातात हातोडी होती आणि ओठांत दोन खिळे धरलेले.

"आधी तोंडातले खिळे काढ," बारामहिने म्हणाले. "गिळलेस तर तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू?"

"बाबा, वर की खाली?"

"खाली. तिला वर चढवून ठेवलेलं आवडायचं नाही."

लेकीने खिळे काढून हातात घेतले, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि ती खाली उतरली. खिळा तिने ठोकलाच नाही. ज्याच्यासाठी ठोकायचा तेच अजून घरात नव्हतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बारामहिने हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते गल्लीतल्या न्हाव्याने ठेवलेलं. गावातल्या मोठ्या प्रेसचं भिंतीवरचं कॅलेंडर निघायचं, वर अख्खं चित्र आणि खाली तारखा; त्या चित्रांचे फोटो वर्षानुवर्षं हेच काढत आले. डोंगर, तळी, धुकं, पानगळ, गवताचे माळ. दाढी करायला खुर्चीत बसले की न्हावी आरशातून विचारायचा, "काय बारामहिने, यंदाचा एप्रिल कुठला?" तेव्हापासून ते बारामहिने झाले ते कायमचे. पुढे प्रेस बंद पडली, न्हावी गेला, नाव तेवढं राहिलं.

आणि अशा माणसाच्या घरात त्याच्या स्वतःच्या बायकोचा एक धड फोटो नव्हता!

म्हणजे नव्हताच असं नाही. लग्नातला होता, त्यात दोघंही शिक्षा ऐकायला उभे केल्यासारखे, आणि कुणा मामाचा हात बरोबर नवरीच्या हनुवटीसमोर. ओळखपत्रावरचा होता, त्यात ती चोरी करताना सापडलेली वाटायची. आणि लेकीच्या फोनमध्ये शेवटच्या आजारपणातले होते, नाकात नळी घातलेले. ते लेक स्वतःच उघडून बघत नसे.

"मला ती नकोय," लेक म्हणाली. "मला माझी आई पाहिजे. मी शाळेतून यायचे तेव्हा दारात उभी असायची ना, ती. उद्या सकाळी मी जाणार. जायच्या आधी ती मला या भिंतीवर बघायचीय. फ्रेमवाल्याला सकाळीच सांगून आलेय, आज संध्याकाळपर्यंत करून दे म्हणून. आणि इथे बघतेय तर दिव्याखाली अंधार."

बारामहिने हसले. बायको गेल्यापासून ते असे मिशीतल्या मिशीत हसलेले लेकीने पाहिले नव्हते.

"फ्रेम मोठी लागेल म्हणावं त्याला," ते म्हणाले.

"म्हणजे? आहे तुमच्याकडे?"

"तू चहा टाक. मी आलोच."

असं म्हणून ते मागच्या खोलीकडे निघाले. पायांत चपला सरकवतानाही ते काहीतरी गुणगुणत होते. कारण त्यांच्याकडे होतं. एक नव्हे, खोकीच्या खोकी होती. आठ महिने त्यांना झाकण उघडायचा धीर झाला नव्हता एवढंच.

आता त्या खोक्यांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बारामहिन्यांचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटीच होती. तिवईवर चढवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मागच्या दुधी काचेवर बघायचं. काचेवर चित्र उमटायचं ते उलटं. आभाळ खाली, डोंगर वर लोंबकळतोय. एकेका फोटोला एकेक सुटी फिल्म, तळहाताएवढी. लग्न झालं त्या वर्षीच्या थंडीत ते एका डोंगरावर गेले होते, बायकोही बरोबर होती. धुकं असं दाट की काचेवर कशाचीच कड सापडेना. कापडाखाली त्यांची चरफड चाललेली, आणि ही बसून बसून कंटाळली म्हणून सरळ समोर चालत गेली. अचानक काचेवर एक बारीक, लखलखीत पिवळा ठिपका दिसला. तिचा स्कार्फ.

"हलू नकोस!" ते ओरडले.

"का? साप आहे?"

"नाही! तू अगदी बरोबर जागेवर आहेस!"

"लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणायचं," तिकडून उत्तर आलं.

त्या ठिपक्यावर त्यांनी नेम धरला आणि सगळा डोंगर काचेवर स्वच्छ उभा राहिला. शिवाय डोंगर केवढा मोठा आहे तेही पहिल्यांदाच कळलं. शेजारी माणूस असल्याशिवाय डोंगराचा अंदाज येत नाही. तो फोटो घेऊन ते प्रेसमध्ये गेले. मालकांनी चष्मा वर करून पाहिलं.

"फोटो झकास आलाय. पण ही कोण?"

"माझी बायको."

"त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," मालक म्हणाले. "पण लोकांना भिंतीवर आपापला डोंगर लागतो हो. दुसऱ्याची बायको नाही लागत."

तेव्हापासून पद्धत पडली. आधी तिला उभं करायचं, तिच्यावर नेम धरायचा, उजेड कसा पडतोय ते बघायला एक फिल्म खर्च करायची. ती चाचणी. मग रुमाल एकदा हलवायचा. रुमाल हलला की तिने जवळ जे असेल त्याच्या मागे लपायचं, खडक म्हणा, खोड म्हणा, पडकी भिंत म्हणा. मग दुसरा फोटो काढायचा, रिकाम्या डोंगराचा. तो प्रेसला द्यायचा. काम झालं की रुमाल दोनदा हलवायचा, म्हणजे तिने बाहेर यायचं. एकदा आसपास काहीच नव्हतं म्हणून ती एका चरणाऱ्या गाईमागे बसली. ऐन वेळी गाय निघून गेली आणि ही माळावर एकटीच उकिडवी. तो फोटो बघून दोघं कितीतरी वर्षं हसायची.

लांबून दिसावी म्हणून तिने स्वतःच एक पिवळाधमक स्वेटर विणला. तो तिला बाराही महिने घालावा लागे. "लोक उन्हाळ्यात अंगातलं काढतात, मी घालते," ती म्हणायची. चारचौघांत तिची आणखी एक तक्रार असे: "माझ्या नवऱ्याने मला आयुष्यभर उलटीच बघितलीय." शिवाय कॅलेंडरचं काम वर्षभर आधी चालायचं, त्यामुळे घरात सगळे ऋतू आगाऊ येत. शेजारीण म्हणाली, काय थंडी पडलीय यंदा, तर ही म्हणणार, "ही काहीच नाही, पुढच्या वर्षीचा जानेवारी बघा. मी आत्ताच कुडकुडून आलेय."

आणि वाट बघणं तर विचारू नका. खडकामागे बसून तिचे तासच्या तास गेले असतील. तिकडून ती ओरडायची, "झालं का हो?" आणि हे कापडाखालून एकच उत्तर द्यायचे, "बस जरा. ढग सरकू दे."

पहिली काही वर्षं चाचणीला अर्थ होता. पुढे हात बसला. उजेड नुसता डोळ्यांनी बघून त्यांना कळू लागला. तरी तिचा फोटो त्यांनी सोडला नाही. प्रत्येक जागी पहिली फिल्म तिच्यासह, दुसरी तिच्याशिवाय. मालक कधी कधी विचारायचे, "अजून चाचण्या करता? एवढं नाव झालं तुमचं." हे म्हणायचे, "उजेडाचा भरवसा नसतो." मालक त्यांच्याकडे बघायचे, मग खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "नसतोच." मालकांना काय कळायचं ते कळलं होतं. बायकोलाही कळलं होतंच. फक्त या गोष्टीवर घरात कुणी कधी बोललं नाही. बारामहिन्यांना तोंडाने प्रेमाबिमाचं काही बोलता येत नसे, आणि तिलाही ते ऐकायची सवय नव्हती. पिवळा स्वेटर घालून उभं राहायचं ही तिची रीत, आणि गरज नसताना एक फिल्म जाळायची ही त्यांची.

प्रेसला दिलेल्या फिल्म प्रेसकडेच राहिल्या आणि प्रेसबरोबर गेल्या. चाचण्या मात्र घरी होत्या, पुठ्ठ्याच्या पिवळ्या खोक्यांत, आणि ती खोकी या दोघांखेरीज कुणी उघडत नसे. एकदा प्रेसमधल्या कुणीतरी गडबडीत चाचणीच छापायला घेतली होती. अख्ख्या गावाच्या भिंतीवर बायको जाता जाता वाचली. त्यानंतर बारामहिन्यांनी प्रत्येक खोक्यावर लाल पेन्सिलीने जाडजूड फुली मारून ठेवली. त्यांच्या धंद्यात फुली म्हणजे छापायचं नाही, बाद.

त्यातली एक फिल्म त्यांना डोळे मिटूनही दिसायची. तळ्याकाठची, पानगळीतली. ती खडकाशेजारी उभी, कडेवर लेक, तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. लेकीने आईची टोपी ओढून काढली, आईचे केस वाऱ्यावर उडाले आणि ती लटक्या रागाने वळून थेट कॅमेऱ्याकडे बघून हसली. नेमकं तेव्हाच यांनी बटण दाबलं. फिल्म एवढी मोठी की दहापट वाढवली असती तरी तिच्या गालावरची खळी फुटली नसती. आज तीच काढायची, लेकीच्या हातात द्यायची आणि तिचं तोंड बघायचं, असं ठरवून ते खोलीत शिरले.

मागची खोली म्हणजे त्यांची जुनी अंधारखोली. दगडी मोरी, तारेवर चिमटे, छताला लाल बल्ब अजून तसाच. डाव्या हाताची फळी, खालून दुसरी. त्यांनी दिवा लावला.

फळीवर स्वच्छ कागद अंथरला होता आणि त्यावर घडी केलेल्या रजया होत्या.

त्यांनी रजया उचलल्या. मागे हात घातला. वरची फळी बघितली, मोरीखाली वाकून बघितलं. मग पुन्हा रजया उचलल्या, जणू पहिल्यांदा नीट उचलल्या नव्हत्या.

"अगं," त्यांनी हाक मारली, "इथली खोकी कुठायत?"

"कुठली?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पुठ्ठ्याची. पिवळी."

"फुलीवाली ना? ती टाकली मी." लेक हात पुसत दारात आली. "तेव्हा नाही का, आई गेल्यावर मी राहिले होते. भिंतीला केवढी ओल आली होती! तुम्हीच म्हणालात, नको ते काढून टाक, मला विचारायला येऊ नकोस."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. त्या दिवसांत ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठत नव्हते आणि कुणी काही विचारलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"पण एकही चांगलं टाकलं नाही हं," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता. "नवऱ्याने विचारलं, उघडून बघू का म्हणून. म्हटलं, काही गरज नाही, लाल फुली म्हणजे बाद, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. फुली नसलेलं एकूणएक ठेवलंय. कॅलेंडरं सगळी ट्रंकेत आहेत, कापडात गुंडाळून."

परक्या माणसाने निदान झाकण तरी उघडलं असतं. ही फोटोवाल्याची लेक. तिला फुलीचा अर्थ कळत होता.

"कुणाला दिली?" त्यांनी विचारलं.

"कचऱ्याच्या गाडीत गेली. ओली होऊन चिकटली होती हो सगळी." ती थांबली. "का? त्यात काही होतं का?"

 बारामहिन्यांनी रजईची घडी सारखी केली, मग पुन्हा सारखी केली.

"चाचण्या होत्या," ते म्हणाले. "नुसत्या चाचण्या."

"मग काय तर! घाबरवलंत ना मला. या, चहा गार होतोय."

ती गेली. बारामहिने मोरीच्या कठड्यावर बसले. खरं सांगायचं तर आधी त्यांना दुःख झालं नाही, राग आला. असा राग की उठावं आणि विचारावं, अगं, एक झाकण उघडायला तुझे हात झिजले असते का? आयुष्यभराची तुझी आई तू केराच्या टोपलीत घातलीस! शब्द अगदी ओठांवर आले. ते उठलेही. दारापर्यंत गेले.

स्वयंपाकघरात लेक कपबशा मांडत होती. पाठमोरी. मान जराशी डावीकडे कललेली, आईसारखी. आई गेली त्या दिवशी लेक वाटेत होती. निरोप मिळाल्याबरोबर निघाली होती, पण गाडी उशिरा आली आणि ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. त्या दिवसापासून ती दर महिन्याला येते, घर घासूनपुसून काढते, डबे भरते, फळ्यांवर कागद घालते. कुणी काही म्हटलेलं नसताना सारखी काहीतरी भरपाई करत असते. पोहोचायला झालेल्या उशिराचं ओझं पोरीच्या मानेवरून अजून उतरलेलं नाही, आणि आपण त्यावर हे आणखी ठेवायचं?

ते परत आत गेले आणि कठड्यावर बसले. राग ओसरला आणि मग जे यायचं ते आलं. तळ्याकाठची गेली, गाईमागची गेली, पोटुशी असताना दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती ती गेली, दाढ दुखत होती म्हणून गालाला रुमाल बांधलेली गेली. भिंगाखाली धरलं की ठिपक्यातून ती उभी राहायची. आता कशाखाली धरायचं? त्यांना भीती वाटली, साधी लहान पोरासारखी भीती, की उद्या आपल्यालाच तिचं तोंड नीट आठवलं नाही तर! लाल बल्बखाली बसून ते हमसून हमसून रडले. नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

चहाला आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"सापडला?" लेकीने विचारलं.

"नाही. माझी समजूत होती, एखादा असेल. नाहीये."

लेकीने कप खाली ठेवला. "मला वाटलंच होतं. बाबा, राग मानू नका, पण बोलू दे मला आज. अख्खी दुनिया पालथी घातलीत तुम्ही. या झाडावर ऊन पडलंय, त्या ढगाला कड आलीय. तासन्‌तास उभे राहायचात. आणि ही बाई तुमच्यामागे थर्मास घेऊन उन्हातान्हात फिरली. तिच्याकडे एकदा तरी कॅमेरा वळवावा असं वाटलं नाही तुम्हाला? एकदा तरी?"

बारामहिन्यांनी कप उचलला. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते वाक्य त्यांनी चहाच्या घोटाबरोबर खाली ढकललं.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे म्हणे!" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भांडत का नाही तुम्ही?"

ती उठून गेली. बराच वेळ बाथरूममध्ये बादल्या वाजत होत्या.

बारामहिन्यांनी ट्रंक उघडली. लेकीने कॅलेंडरं खरोखरच जपून ठेवली होती, वर्षावर्षाची गुंडाळी वेगळी. त्यांनी हवं ते वर्ष काढलं, जमिनीवर पसरलं आणि ऑक्टोबरपर्यंत आले. तळं. पाण्यावर पडलेली तांबूस पानं, पलीकडे डोंगर, अलीकडे उजव्या हाताला बैलाएवढा एक खडक. ते बराच वेळ त्या खडकाकडे बघत राहिले. मग पान अलगद सोडवून घेतलं, गुंडाळलं आणि सदरा बदलून बाहेर पडले.

फ्रेमवाल्याने पान टेबलावर पसरलं, चष्मा लावला, उलटून मागचा नोव्हेंबरही बघितला.

"काका, हा तर ऑक्टोबर आहे."

"हो."

"ताई सकाळी म्हणाल्या, काकूंचा फोटो आहे म्हणून."

"हाच तो."

फ्रेमवाला जुना माणूस. त्याने एकदा फोटोकडे आणि एकदा काकांकडे बघितलं, आणि काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय हे विचारायचं टाळून पट्टी उचलली. "खालच्या तारखा कापू ना?"

"काप. तारखांशी आपलं काही काम नाही."

संध्याकाळी ते फ्रेम काखेत मारून घरी आले. लेक खिडकीत बसली होती, डोळे सुजलेले. त्यांनी स्टूल ओढलं.

"तुम्ही नका चढू!" ती धावली. "द्या इकडे." तिने खुणेवर खिळा ठोकला, फ्रेम घेतली, वरचा कागद काढला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, हे तळं आहे."

"लाव तर खरी."

तिने फ्रेम टांगली, खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे वळली. भांडायच्या तयारीतच होती.

"तुझी आई त्या खडकामागे आहे," बारामहिने म्हणाले.

"काय?"

"तो उजवीकडचा खडक. त्याच्यामागे बसलीय. मी रुमाल हलवला की ती लपायची, आणि मग मी फोटो काढायचो. लोकांच्या भिंतीवर जेवढे म्हणून डोंगर गेले ना माझे, त्या प्रत्येकात ती आहे. कशामागे ना कशामागे. मला सगळ्या जागा पाठ आहेत."

लेक फोटोच्या जवळ गेली. "या खडकामागे?"

"हो. आणि तूपण आहेस. तिच्या मांडीवर. टोपी ओढली होतीस तिची, म्हणून तुला आधी दटावलं आणि मग संत्रं दिलं. तुझ्या कपड्यांना घरी येईस्तोवर वास होता."

 लेकीने खडकावर बोट ठेवलं, आणि ते काढलं नाही.

"आवाज करू नकोस, फोटोत येईल," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"आई म्हणायची मला. तोंडावर हात ठेवायची आणि कानात सांगायची, आवाज करू नकोस, बाबांच्या फोटोत येईल. मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं, आवाज फोटोत येतो म्हणून. शाळेत भांडले होते मी त्यावरून." ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "स्वेटर टोचायचा तिचा. इथे, गालाला. आणि मी वर बघितलं की तिची हनुवटी दिसायची. हनुवटीखाली तीळ होता ना? बाबा, तीळ होता!"

"होता?" बारामहिन्यांनी विचारलं. एवढ्या फिल्म बघितल्या, पण खालून त्यांनी तिला कधी बघितलीच नव्हती. "कुठे?"

"इथे." लेकीने स्वतःच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. "मी किती वेळा मोजला असेल तो. एकच होता, तरी मोजायचे."

दोघं स्टुलाजवळ जमिनीवरच बसली. लेक बोलत सुटली आणि बारामहिने ऐकत राहिले. खडकामागे काय काय चालायचं हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. ती दगडांची भातुकली मांडायची. यांच्या ओरडण्याची नक्कल करायची. कधी कधी नुसती गप्प बसून तळहातावर मुंग्या चढू द्यायची. कॅमेऱ्याच्या पुढची बायको त्यांना ठाऊक होती. लपलेली सगळी लेकीकडे होती.

मग लेक थांबली. तिच्या मनात काहीतरी आलं, आणि ते तिच्या कपाळावर दिसलंच.

"पण बाबा, लपायच्या आधी ती समोर उभी असायची ना? मला आठवतंय, मला कडेवर घेऊन उभी राहायची. बराच वेळ. तेव्हा तुम्ही काय करायचात?"



"काचेवर बघायचो."

"नुसतं बघायचात?"

"नेम धरायचो तिच्यावर. उजेड बघायचो."

"आणि फोटो? एकदाही बटण नाही दाबलंत?"

खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. असं ऊन वाया घालवायचं म्हणजे पाप, असं ते एके काळी म्हणायचे. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. आत्ताच तर त्या तोंडावरचं मळभ जरा उतरलं होतं.

"फिल्म महाग होती गं," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायची?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. रागवायला हवं होतं तिने, पण आता तिला ते जमेना. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"एखादी तरी घालवायची होती, बाबा."

"हो," बारामहिने म्हणाले. "चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक निघाली. बॅग दारात, एक पाय चपलेत, तशीच ती परत आत धावली, फोटोसमोर उभी राहिली, खडकावर बोट टेकवून काहीतरी पुटपुटली आणि पळाली. "गोळ्या वेळेवर घ्या," जिन्यातून आवाज आला. "आणि तिला ऊन लागू देऊ नका, रंग उडेल." बारामहिन्यांनी गॅलरीतून हात केला. कोपऱ्यावर वळताना तिने मागे बघितलं आणि मान डावीकडे कलली.

ते आत आले. घर एकदम मोठं झालं होतं. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायलं आणि फोटोसमोर जाऊन उभे राहिले. काचेवर, बरोबर खडकावर, लेकीच्या बोटाचा ठसा उमटला होता. काच डागाळलेली त्यांना कधीच चालायची नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला हात वर नेला.

हात तसाच थांबला. रुमाल बोटांत लोंबत होता, दोनदा हलला असता तर ती बाहेर आली असती.

त्यांनी हात अगदी सावकाश खाली घेतला, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवून दिली. ठसा राहू दिला.

"बस जरा," ते खडकाला म्हणाले. "ढग सरकू दे."